कड्यात गेलेला थापाड्या

१

सकाळी उठल्यावर हाल्वेग सगळ्यात आधी चक्का बघायची. फडक्यात बांधून तुळईला टांगलेलं दही सकाळपर्यंत घट्ट झालेलं असायचं. ते लाकडी कुंड्यात काढायचं, निखारे उकरून सातूची पेज चढवायची, सासूला हात देऊन उठवायचं आणि बादली घेऊन ओढ्यावर जायचं. छपरावर गवत उगवलेल्या त्या लांब, बुटक्या घरात तिची सकाळ लग्न होऊन आल्यापासून अशीच जात होती. या वसंतात ओढा आटला, तेव्हा ती घडी मोडली. आता ओढ्याला पाणी परत आलं होतं आणि सकाळीही पहिल्यासारख्या झाल्या होत्या.

पाणी परत आणलं होतं स्काफ्तीने.

स्काफ्ती तिच्या बापाने सांभाळलेला पोरका मुलगा. दोघं एका पांघरुणात वाढली, एका ताटात जेवली. पुढे ती हाम्रावीकच्या ओर्लिगची बायको झाली आणि तो खाडीच्या दोन्ही काठांवर थापाड्या म्हणून नावाजला. एका शेतकऱ्याला त्याने त्याचाच घोडा रंगवून विकला होता. हिवाळा आला की ज्याच्या घरी चूल पेटलेली दिसेल तिथे तो शिरायचा आणि वसंत येईपर्यंत त्या घराला हसवत ठेवायचा. हाल्वेगच्या घरी आला की पहिलं काम एकच. ती पाठमोरी झाली की चक्क्यात बोट बुडवायचं आणि मांजराला शिव्या घालायच्या.

त्या सकाळी चक्का कुंड्यात काढून ती पेज ढवळायला वळली. परत बघितलं तर चक्का गुळगुळीत. तिला बरं वाटलं. फडकं धुताना मात्र तिचा हात थांबला. पाणी आलं त्या दिवसापासून स्काफ्ती तिच्याच घरात होता, चुलीजवळच्या बाकावर, कुंड्यापासून हातभर अंतरावर. आणि इतक्या दिवसांत चक्क्यात बोटाचा खड्डा एकदाही पडला नव्हता.

तिने पेजेचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला.

"गरम आहे, जपून."

"गरम आहे, जपून," स्काफ्ती म्हणाला.

तिची सासू ग्रोआ बाकाच्या टोकाला केस विंचरत बसली होती. ती खुदकन हसली नि शेवटी खोकली. "डोमकावळा पाळलायस की काय गं घरात?"

सगळे हसले. सगळ्यांचं हसून झाल्यावर स्काफ्तीही हसला. हसणं ग्रोआचं होतं, शेवटच्या खोकल्यासकट.

२

सगळं सुरू झालं ते दगडांवरून. ओर्लिगचं होडीघर वाऱ्याने पडलं. नवं बांधायला त्याने तांबड्या कड्यातून दगड काढले. ग्रोआने तोंड दुखेपर्यंत सांगितलं होतं, "अरे, तो कडा रिकामा नाही. आतल्यांना विचारल्याशिवाय तिथला खडासुद्धा उचलत नाहीत." ओर्लिग आईला बरं म्हणाला आणि दगड आणतच राहिला. भिंत उभी राहिली, आणि बर्फ वितळायच्या दिवसांत ओढा आटला. कड्यावरून पडणारा धबधबा दोरीएवढा झाला, मग धाग्याएवढा, मग नुसता ओला डाग. त्या डागामागे एक भेग होती, माणूस आडवा होऊन शिरेल एवढी. आतल्यांशी बोलायला पूर्वीही तिथूनच माणसं गेली होती.

"दगड परत नेऊन ठेव, पाणी येईल," ग्रोआ म्हणाली.

"अख्खा हिवाळा घातलाय त्या भिंतीत. होडी काय उघड्यावर ठेवू? पुढच्या वादळात ती गेली की खायचं काय, पाणी?"

"मग कुणालातरी आत पाठव. बोलू दे."

"स्काफ्तीला पाठवू," ओर्लिग म्हणाला. "दगड परत देतो म्हणून सांगेल. तेवढ्यावर ते पाणी सोडतील, उन्हाळाभर झुलवेल त्यांना. तोवर पावसाची डबकी भरतील."

"आतल्यांना खोट्याचा आवाज कळतो," ग्रोआ म्हणाली. "थापाड्या पाठवलास तर तोंड उघडायच्या आत ओळखतील."

 ओर्लिगने बायकोकडे बघितलं. "त्याला ते खरं वाटलं, तर?"

गोठ्यात गायी ओली माती चाटत होत्या.  नाही म्हणायला जी घटका होती ती हाल्वेगने तशीच जाऊ दिली.

कोरड्या ओढ्यात एका गोट्यावर बसून स्काफ्ती जोड्याची वादी बांधत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"दगड परत देणार आहोत आम्ही," ती म्हणाली. "तू तेवढं सांगून ये. वेळ लागेल म्हणावं, पण येतील."

"ओर्लिग भिंत पाडणार?" त्याने एक भुवई वर केली. "आपला ओर्लिग? जो नखं कापायलासुद्धा जीव काढतो?"

"थट्टा नको रे."

"बरं, नाही करत. शपथ घे, की जातो."

तिने शपथ घेतली. दुसरी कुठली घेतली असती तर त्याने हसण्यावारी नेली असती, म्हणून तिने तापाने गेलेल्या आपल्या मुलीची घेतली. "स्वालाची शपथ. दगड परत येतील." मधे तिचा घसा अडला होता.

स्काफ्ती तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "झालं तर मग. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला चाललोय. पाय लटपटतायत बघ." आणि लटपटत्या पायांची नक्कल करत कड्याकडे गेला. ती हसली होती. ते हसू तिला नंतर फार छळायचं.

३

पाणी आलं त्या दुपारी तो त्या पाण्यामागोमागच ओढ्याच्या काठाने चालत आला. माणसं धावली, कुणी त्याला खांद्यावर घेतलं. ओर्लिगने साठवणीतला मध काढला.

"काय बोललास रे त्यांना?" त्याने विचारलं.

"काय बोललास रे त्यांना," स्काफ्ती हसत म्हणाला, आणि सगळ्यांना ती गंमत वाटली. थापाड्या गुपित सांगत नाही, एवढंच.

चक्क्याच्या त्या सकाळनंतर हाल्वेग कान देऊन ऐकू लागली. दिवसभर तो बोलत असायचा. गप्प असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. "वारा फिरला बरं का," तो म्हणायचा, पण ते मघाशी ओर्लिग म्हणून गेलेला असायचा. "माझे गुडघे सांगतायत, पाऊस येणार," हे ग्रोआचं. "लोणी कुठे ठेवलं कोण जाणे," हे तिचं स्वतःचं, सकाळचं. शब्द नेमक्या जागी पडायचे, म्हणून कुणाला खटकायचं नाही. ती मात्र वाट बघत होती त्याच्या तोंडून एखादं वाक्य निघण्याची, जे त्या घरात आधी कुणी बोललेलं नसेल. साधंसं. एक थाप.

तिने ओर्लिगला सांगितलं.

"माणूस कड्यात जाऊन आलाय," तो म्हणाला. "घाबरलाय. परत आल्या आल्या नाचायला हवा होता का तुला?"

"पण तो चक्का खात नाही."

ओर्लिगने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. खरंच, चक्का खात नाही हे काय कारण झालं? शिवाय तिचं मन तिला दुसरंही काही सांगत होतं. तू त्याला फसवून पाठवलंस, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही तुला, म्हणून आता त्याच्यातच खोट शोधतेयस. हे तिला पटलं. पटलं म्हणून तिने त्या संध्याकाळी त्याच्या पेजेत लोण्याचा मोठा गोळा घातला.

तो वितळून गार झाला. पुन्हा घट्ट झाला. वाडगा तसाच होता.

४

माग घराच्या टोकाच्या खोलीत होता. भिंतीला टेकवलेली उभी चौकट, वरून सोडलेले धागे, आणि ते ताणून धरायला खाली बांधलेले दगड. वाऱ्याची झुळूक आली की ते एकमेकांवर टकटक वाजायचे. हाल्वेग विणत होती. स्काफ्ती दाराशी बसला होता. हल्ली ती जिथे जाईल तिथे तो येऊन बसायचा. बाहेर स्वच्छ ऊन होतं, मेंढ्या ओरडत होत्या.

"अहो बसा, बसा! उठता कशाला?"

हाल्वेगच्या हातातून मागाची फणी पडली. हा स्काफ्तीचा आवाज होता. खरा, खट्याळ, शेवटच्या शब्दाला वर उचललेला. हे वाक्य घरात कुणी बोललेलं नव्हतं.

"निघालीयत ती. दगड घेऊनच निघालीयत. पण ओर्लिगचा बैल पडला लंगडा. त्याला चालवत नाही, म्हणून चौघं त्याला खांद्यावर घेऊन येतायत. बैल खांद्यावर, बैलाच्या पाठीवर दगड. आता उशीर होणार नाही तर काय होईल?"

"स्काफ्ती!" ती ओरडली. तिला रडू आणि हसू एकदम आलं. ती वळली.

दाराशी बसलेला तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ मिटलेले होते. आवाज चालूच होता.

"काल तर अगदी अर्ध्या वाटेवर पोचली होती. पण गाय व्याली. आता व्यालेल्या गाईला सोडून दगड उचलणारी माणसं तुम्हाला तरी आवडतील का?"

मग हसणं आलं. पुष्कळांचं, पण एकाच आवाजातलं. ते विरल्यावर त्या मिटलेल्या तोंडातून दुसरा आवाज आला. बाईचा, घसा अडलेला.

"स्वालाची शपथ. दगड परत येतील."

मागाचे दगड टकटकले. झुळूक आली होती. आवाज वाऱ्याने आणला असेल, ओढ्याच्या खळखळाटात असे भास होतात, विणताना डोळा लागला असेल. हे सगळं तिने उभ्या उभ्या स्वतःला सांगून बघितलं. पण तो आवाज तिचा होता, आणि ती शपथ कुणीतरी कुठेतरी पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होतं.

५

ती सरळ कड्याकडे निघाली. फणी पडली तिथेच राहिली.

धबधब्याचं पाणी आता कमरेएवढ्या जाडीने पडत होतं. त्याच्या कडेने निसरड्या खडकावरून ती आत सरकली आणि पाण्याच्या मागे उभी राहिली. समोर भेग होती, आता जेमतेम वीतभर उरलेली. पाण्याचा एवढा आवाज, पण भेगेला कान लावला तर आतलं सगळं ऐकू येत होतं, शेजारच्या खोलीतलं ऐकू यावं तसं.

"...म्हणून मी खाडीतल्या त्या सीलला म्हटलं, बाबा रे, पोहायचं असेल तर आधी पाय काढून ठेव." आवाज बसला होता. प्रत्येक वाक्याआधी श्वास घ्यावा लागत होता. "हसा की! काल हसला होतात."

कुणी हसलं नाही.

"बरं, ही नको. दगडांचंच सांगतो. आज सकाळीच निघाली ती. हाल्वेगने शब्द दिलाय. मुलीची शपथ घेतलीय तिने, खोटी शपथ घेणारी बाई नाही ती. माझी बहीण आहे ती..."

हाल्वेगला ते ऐकवेना. याला अजून खरं वाटतंय, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. हा इथे बसून तिच्या शब्दावर जीव टाकतोय, आणि ती घरी पेज ढवळतेय. पोटात इतके दिवस घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं आणि ती भेगेत तोंड घालून ओरडली, "खोटं आहे! दगड येणार नाहीत. कधीच येणार नव्हते. शपथ खोटी होती, मी फसवलं त्याला! त्याला काही माहीत नाही, त्याला सोडा! मला घ्या हवं तर, पण त्याला सोडा!"



मग स्काफ्ती बोलला, अगदी हळू. रागाचा लवलेश नव्हता. एखाद्या मुलाने भरलेली बादली सांडावी आणि आपण नुसता सुस्कारा टाकावा, तसा.

"अगं हाल्वेग... का बोललीस?"

"तुला खरं वाटत होतं रे..."

"मला?" तो थोडंसं हसला. "तुला खोटं बोलता येतं का कधी? लहानपणापासून येत नाही. ओढ्यातच कळलं होतं मला."

"मग आलास कशाला?"

"गायी माती चाटत होत्या ना गं. चाललं होतं माझं बरं इथे."

तिने डोळा भेगेला लावला. का लावला, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. आत उजेड होता. अंधार असता तर बरं झालं असतं. स्काफ्ती तिच्याकडे पाठ करून उभा होता. कमरेपर्यंत तो होता. त्याखाली खडक होता, आणि तो कुठे संपतो नि खडक कुठे सुरू होतो ते नजरेला ठरवता येत नव्हतं. त्याच्यापलीकडे बाकांवर कुणी कुणी ओळीने बसलेलं होतं, मेजवानीला बसावं तसं, मागे मागे, फार मागपर्यंत. वरचं काही त्या भेगेतून दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त गुडघे. मुडपलेले, शेजारी शेजारी, मोठमोठे गुडघे.

ती बघत असताना ते सगळे एकदम सरळ झाले.

६

ती कशी उतरली ते तिला आठवत नाही. घराजवळ आली तेव्हा ओढा आधीच बारीक झाला होता आणि माणसं काठावर जमून ओरडत होती. बाकावर बसणारा दारात उभा होता. इतक्या दिवसांत त्याला कुणी असं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. तो चौकटीपेक्षा उंच दिसत होता, की मान नीट सरळ केल्यामुळे तसं वाटत होतं, कोण जाणे.

"स्काफ्ती, अरे पाणी चाललंय बघ!" ओर्लिग त्याचा दंड धरायला गेला, आणि हात पोळल्यासारखा मागे घेतला. नंतर तो सांगायचा की दंड गार होता, बास, गार होता. त्यापलीकडे तो बोलायचा नाही.

दारातला हाल्वेगकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं. आवाज स्काफ्तीचा नव्हता, घरातल्या कुणाचाच नव्हता, आणि शब्दही हाम्रावीकमध्ये आधी कुणी बोललेले नव्हते.

"तो थापा मारतोय, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," तो म्हणाला. "खोट्याचा आवाज आम्हाला कळतो. आम्ही त्याला बसवून ठेवला होता, कारण आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. तो बोलत होता तोवर आम्हाला दगडांची आठवण नव्हती."

मग तो ओढ्याच्या काठाने वर चालत गेला, पाणी ज्या वेगाने मागे हटत होतं त्याच वेगाने. त्याच्या मागे जायची कुणाची छाती झाली नाही. ग्रोआने तोंडावर शालीचं टोक घेतलं होतं. "म्हणजे आपला माणूस..." ओर्लिग म्हणाला.

हाल्वेग होडीघराकडे गेली आणि भिंतीचा वरचा दगड दोन्ही हातांनी ओढायला लागली. तिला वाटलं ओर्लिग अडवेल. ओर्लिग आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने दुसरा दगड उचलला.

७

दगड परत गेले. तोवर बऱ्याच गायी मेल्या, होडी उघड्यावर राहिली, आणि पानगळीच्या वादळात तीही फुटली. पाणी आलं ते उशिरा, बारीक, पोटापुरतं. भेग मात्र कुणाला परत सापडली नाही. धबधब्याच्या मागे सलग ओला खडक होता. ओर्लिगने त्यावर पहारीचं टोक आपटून बघितलं, आवाज भरीव आला.

घरात कुणी हाल्वेगला दोष दिला नाही. तू खरं तेच बोललीस, असं ग्रोआ एकदा म्हणालीसुद्धा. हाल्वेग त्यावर उठून बाहेर गेली. तिला ठाऊक होतं, ती त्याच्यासाठी ओरडली नव्हती. पोटातलं ओझं तिला सहन होत नव्हतं, म्हणून ओरडली होती. ते खाली टाकायला तिला नेमकी तीच जागा सापडली होती.

पुढे बर्फ पडायच्या आधी, दुपारची कामं आटपली की ती धबधब्यामागे जाऊन बसायला लागली. पहिल्यांदा ती माफी मागायची. खडक नुसता ओला असायचा. मग रडायची. खडक ओलाच.

 एका दुपारी तिने घसा साफ केला.

"आमच्याकडे एक मेंढी आहे," ती खडकाला म्हणाली. "ती... ती सूत कातते."

तिला स्वतःचीच लाज वाटली. कान तापले. लहानपणी थाप मारायला गेली की असंच व्हायचं, आणि स्काफ्ती पांघरुणात तोंड घालून हसत सुटायचा.

"स्वतःच्याच लोकरीचं," ती नेटाने पुढे म्हणाली. "उन्हाळ्यात कातते, आणि हिवाळ्यात तिला थंडी वाजते, म्हणून मग ते सगळं परत... परत अंगाला शिवते. टाके वाकडे येतात. शेजारच्या मेंढ्या नावं ठेवतात."

पाणी पडत होतं. ती थांबली. पुढे काय म्हणावं ते तिला सुचेना.

आणि त्या सलग, भरीव खडकाच्या आत, कानाच्या अगदी जवळ, बाक करकरला. कुणीतरी खाली बसलं होतं. मग त्याच्या शेजारी आणखी कुणी बसलं. मग मागच्या ओळीत, आणि त्याच्याही मागे, दूरवर, सगळेच सावकाश बसत गेले.

हाल्वेगने थंडीने बधिर झालेले हात काखेत घेतले. तिचे दात वाजत होते.

"तर ती मेंढी," ती म्हणाली.